ॲक्सोलॉटल जेवत नसेल तर आधी पाणी बघा

संपादक साहेब, नमस्कार,

मागे तुमच्या पाळीव प्राण्यांच्या पानावर ॲक्सोलॉटलचा मोठा फोटो आला होता, गुलाबी कल्ले, हसरं तोंड, आणि खाली दोन ओळी की हा प्राणी सांभाळायला एकदम सोपा, आठवड्यातून दोन-तीनदा खायला घातलं की झालं. फोटो खरंच छान होता. पण त्या दोन ओळी वाचल्यापासून मला चैन नाही, कारण अगदी ह्याच समजुतीवर मी माझा पहिला ॲक्सोलॉटल घरी आणला होता आणि तो चार महिन्यांत गेला. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, शक्य झालं तर पूर्ण छापा, आणि कापायचंच असेल तर माझी गोष्ट कापा पण पाण्याबद्दलचं ठेवा.

मुळात हा मासा नाहीच. "मेक्सिकन वॉकिंग फिश" असं नाव लावून विकतात त्यामुळे लोक माशाचा टँक, माशाचं खाणं, माशाची औषधं असा सगळा माशाचा संसार त्याच्यासाठी मांडतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. हा उभयचर आहे, सॅलमँडरच्या, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचरांच्या कुळातला, शास्त्रीय नाव अँबिस्टोमा मेक्सिकानम. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की शेपटी जाऊन ते जमिनीवर येतं, हा मात्र वयात आला, अंडी घालायला लागला तरी लहानपणच्याच रूपात पाण्यात राहतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे बाहेर आलेले कल्ले आयुष्यभर तसेच. त्याचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीच्या भागातले सोचिमिल्कोचे कालवे, समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंचीवर, आणि तिथलं पाणी २० डिग्रीच्या वर फारसं जात नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली ना की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

आमच्याकडे तो आला मुलीमुळे. २०२१ मध्ये माइनक्राफ्ट गेममध्ये ॲक्सोलॉटल आले आणि त्यानंतर जगभर लहान मुलांना हा प्राणी एकदम ओळखीचा झाला, तसाच माझ्या मुलीलाही. खूप मागे लागली, मग मी दुकानात जाऊन टँक, रंगीत खडी, फिल्टर, लाइट आणि ॲक्सोलॉटल असं सगळं एकाच दिवशी घेऊन आलो. दुकानदाराने सांगितलं एक दिवस पाणी भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सोडा. तसंच केलं. तिचं नाव ठेवलं चिंगी. पहिले दोन-अडीच महिने चिंगी इतकं मस्त खायची की आम्हाला वाटलं आपल्याला सगळं जमलंय, मुलगी चिमट्यात ब्लडवर्मचा (गोठवून मिळणाऱ्या बारीक लाल अळ्या) तुकडा धरायची आणि चिंगी झडप घालून गट्ट करायची.

मग गरमीचे दिवस आले आणि चिंगीने खाणं सोडलं. पहिल्या दिवशी वाटलं पोट भरलं असेल. तिसऱ्या दिवसापासून मात्र आम्ही तेच केलं जे घरात कुणी जेवत नसलं की आपण करतो, म्हणजे हे नको तर ते देऊन बघू. ब्लडवर्म नको तर पेलेट म्हणजे तयार खाण्याच्या गोळ्या, पेलेट नको तर बारीक मासा, मासा नको तर कच्च्या चिकनचा छोटा तुकडा, आणि खाल्लं नाही तर रात्रीतून उठून खाईल म्हणून ते सगळं तसंच टँकमध्ये ठेवायचो. सकाळी पाणी थोडं ढगाळ दिसायचं. चिंगीची शेपटीची टोकं वळायला लागली, कल्ले पुढे झुकले, मग एक दिवस ती पाण्यावर तिरकी तरंगायला लागली. अकराव्या दिवशी गेली. ती गेल्यावर ओळखीच्या एक बाई, ज्या बरीच वर्षं ॲक्सोलॉटल सांभाळतायत, त्या आल्या आणि त्यांनी आल्या आल्या खाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. थर्मामीटर आहे का म्हणाल्या. नव्हता. त्यांनी त्यांचा टाकला, पाणी २७ डिग्री. मग टेस्ट किट काढून अमोनिया बघितला तर नळीतला रंग गर्द हिरवा झाला, जो तिथे पिवळा यायला हवा होता.

म्हणजे चिंगीला भूक नव्हती असं नाही, तिला त्या पाण्यात जगणंच जड झालं होतं, आणि आम्ही प्रेमाने टाकलेला प्रत्येक तुकडा कुजून ते पाणी आणखी खराब करत होता. मी आज जे सांगायला बसलोय ते एवढंच आहे, की ॲक्सोलॉटल खात नसेल तर खाणं बदलू नका, आधी पाणी बघा. खाणं आणि तब्येत ह्या दोन वेगळ्या गोष्टी धरून लोक सल्ले विचारतात, पण ह्या प्राण्यात त्या वेगळ्या नसतातच.

आता तापमानाचं नीट सांगतो. १६ ते १८ डिग्री हे त्याच्यासाठी उत्तम, २० पर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं की ताण सुरू, आणि २४ च्या वर काही दिवस राहिलं तर जिवावर बेततं. कारण सरळ आहे. त्याचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं, पाणी गरम झालं की शरीराची सगळी कामं वेगात होतात, ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमकं गरम पाण्यातच ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात बुरशी आणि बॅक्टेरियाही उबेत जोमाने वाढतात. थंडीची मात्र फार चिंता करायची गरज नाही, १२-१४ डिग्रीला तो फक्त सुस्त होतो आणि कमी खातो. म्हणजे माशांच्या टँकमध्ये जो हीटर लावतात त्याच्या बरोब्बर उलटं यंत्र इथे लागतं, चिलर. तो महाग पडतो हे मान्य, पण जिथे हवा गरम असते तिथे दुसरा भरवशाचा मार्ग नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा छोटा फॅन लावला तर बाष्पीभवनाने २-३ डिग्री उतरतात, हवा दमट असेल तर तेवढंही नाही. बर्फाच्या बाटल्या टाकणं मी स्वतः करून बघितलंय, दुपारी पाणी १८ आणि रात्री परत २४, असा झोका रोज बसला की प्राणी आणखी थकतो, त्यामुळे चिलर बिघडला तर एखाद्या दिवसापुरता उपाय म्हणून ठीक, रोजचा म्हणून नाही. आणि थर्मामीटर पाण्याच्या आत हवा, काचेवर बाहेरून चिकटवायची ती पट्टी नको.

अमोनियाचं प्रकरण तर नवीन लोकांना कोणी सांगतच नाही. ॲक्सोलॉटल खातो भरपूर आणि घाणही तशीच करतो. त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो, अमोनिया त्याची कातडी आणि कल्ले अक्षरशः भाजतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये हळूहळू एक प्रकारचे बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात जे बरंच कमी त्रासदायक असतं आणि पाणी बदलून काढता येतं. ही साखळी तयार व्हायला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात, ह्याला टँक सायकल करणं म्हणतात, आणि हे सगळं प्राणी घरी आणायच्या आधी करायचं असतं, पाणी भरलेल्या पण प्राणी नसलेल्या टँकमध्ये त्या बॅक्टेरियांना खाणं म्हणून अमोनिया घालून. एक दिवस पाणी भरून ठेवून काहीही होत नाही, फार तर त्यातला साधा क्लोरीन थोडा उडतो. सायकल झालेल्या टँकमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आसपास किंवा कमी दिसायला हवं, पीएच साडेसहा ते आठच्या मधे, सात-साडेसातच्या जवळ असलं तर उत्तम. आणि पाणी गरम असेल आणि पीएच जास्त असेल तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणजे चिंगीच्या टँकमध्ये दोन्ही संकटं एकमेकांच्या हातात हात घालून आली होती.

टेस्ट किट थेंबांचं घ्या, कागदी पट्ट्यांवर मी विसंबत नाही, कित्येक पट्ट्यांमध्ये अमोनिया तपासायची सोयच नसते आणि तोच तर बघायचा असतो. नळाचं पाणी घालण्याआधी त्यात डिक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन मारायचं औषध घाला, ज्यात कोरफडीचा अर्क आहे असा नको कारण त्याची कातडी असल्या गोष्टी शोषून घेते. दर आठवड्याला पाव-एक भाग पाणी बदला. फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुवू नका, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा, नळाच्या क्लोरीनने महिनाभर वाढवलेले बॅक्टेरिया पाच मिनिटांत मरतात आणि मग लोक म्हणतात की मी तर एवढं स्वच्छ ठेवतो तरी हा खात का नाही. पाण्याचा प्रवाहही मंद हवा. हा संथ पाण्यातला प्राणी आहे, फिल्टरचा झोत सतत अंगावर आला की कल्ले पुढे वळवून बसतो आणि खाणं कमी करतो.

खाण्याकडे येतो. माझ्या मते, आणि बहुतेक जुन्या पाळणाऱ्यांच्या मते, गांडुळासारखं दुसरं खाणं नाही. प्रोटीन भरपूर, अंग मऊ, पचायला सोपं, मोठ्या ॲक्सोलॉटलला नुसत्या गांडुळांवर वर्षानुवर्षं ठेवता येतं. फक्त ती कीटकनाशक किंवा रासायनिक खत न पडलेल्या मातीतली हवीत, म्हणून शक्यतो स्वतः वाढवा किंवा खात्रीची घ्या, आणि देण्याआधी स्वच्छ पाण्यात खळबळून माती काढा. खताच्या ढिगात जी बारीक लाल गांडुळं असतात ती दिली तर पुष्कळ ॲक्सोलॉटल तोंडात घेऊन थुंकून टाकतात, कारण ती दाबली की कडवट वासाचा पिवळा द्रव सोडतात, तेव्हा ह्याला गांडूळ आवडत नाही असा निष्कर्ष काढू नका, गांडुळाची जात बदला. गांडूळ मिळतच नसेल तर तळाला बसणारे, भरपूर प्रोटीनवाले मऊ पेलेट चालतात. फ्रोजन ब्लडवर्म पिल्लांना चांगलं, मोठ्यांना कधीमधी खाऊ म्हणून, रोजचं जेवण म्हणून पुरत नाही. चिंगीला आम्ही तेच रोज देत होतो.

त्याला चावता येत नाही हे लक्षात ठेवा. दात आहेत पण अगदी नावाला, पकडण्यापुरते. तोंड झटकन उघडून पाण्यासकट घास आत ओढतो आणि आख्खा गिळतो. म्हणून घास त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा लहान हवा, मोठं गांडूळ असेल तर तुकडे करा, करताना कसंसंच होतं पण करावं लागतं. नजर कमजोर असते, वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर शिकार शोधतो, त्यामुळे बोथट टोकाच्या चिमट्याने घास तोंडासमोर हळू हलवला की पटकन कळतं. टोकदार धातूचा चिमटा नको, झडप जोरात बसते.

किती द्यायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. पिल्लं रोज खातात, अगदी लहान असताना दिवसातून दोनदा. १५ सेंटीमीटरच्या पुढे गेला की एक दिवसाआड, आणि पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. म्हणजे तुमच्या पेपरातलं ते वाक्य मोठ्या ॲक्सोलॉटलपुरतं चुकीचं नव्हतं, पण मुलांसाठी लोक आणतात ते पिल्लू, आणि पिल्लाला आठवड्यातून दोनदा घातलं तर ते उपाशी मरेल. वजनकाट्यापेक्षा सोपी खूण सांगतो, वरून बघा, पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीएवढी असली की बरोबर. पोट डोक्यापेक्षा बरंच रुंद दिसलं तर घास कमी करा (अंडी भरलेली मादी सोडून), मान आणि पोट आत गेलेलं दिसलं तर वाढवा. तो समोर आला, काचेला तोंड लावून बसला की भूक लागलीय असं नसतं, माणूस दिसला की खाणं येतं एवढं त्याला कळतं. आणि खाल्लं नाही ते अर्ध्या तासात बाहेर काढा, एक मोठा ड्रॉपर टँकजवळच ठेवा, विष्ठाही त्यानेच उचलता येते. हे एक काम आम्ही तेव्हा केलं असतं तर.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांची गोष्ट पूर्ण वेगळी. पहिले दोन-तीन दिवस त्यांच्या पोटातला बलक पुरतो, मग त्यांना फक्त जिवंत, हलणारं खाणं दिसतं, म्हणजे अंड्यातून ताजे निघालेले ब्राइन श्रिम्प किंवा डॅफ्निया, हे दोन्ही पाण्यातले अगदी बारीक जीव. पेलेटची पूड टाकली तर ती तिथेच पडून कुजते आणि पिल्लं उपाशी. शिवाय भुकेली पिल्लं एकमेकांचे पाय खातात. मादी एका वेळी काही शे ते हजारापर्यंत अंडी घालते, तेवढ्यांना जिवंत खाणं घालायची तयारी नसेल तर नर-मादी एका टँकमध्ये ठेवूच नका, परत परत अंडी घालून मादीही पार खंगते.

काय देऊ नये तेही सांगतो कारण माझ्याच हातून ते झालंय. चिकन, मटण, कुठलंही सस्तन प्राण्याचं किंवा पक्ष्याचं मांस नको, त्यातली चरबी थंड पाण्यात राहणाऱ्या ह्या पोटाला झेपत नाही. खाऊ म्हणून जिवंत मासे नकोत, त्यांच्याबरोबर परजीवी येतात, गोल्डफिशमध्ये तर थायमिनेज नावाचं एंझाइम असतं जे बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. कडक कवचाच्या अळ्या आणि गोगलगायी पोटात अडकतात.

आणि अडकण्याचा विषय निघाला म्हणून खडी. रंगीत खडी. तो घास ओढतो तेव्हा तळाचं जे काही असेल तेही आत जातं, आणि खडा आतड्यात अडकला की खाणं बंद, विष्ठा बंद, पोट फुगलेलं. एका परिचितांच्या ॲक्सोलॉटलचा एक्स-रे मी डोळ्यांनी बघितलाय, पोटात सात खडे पांढरे स्वच्छ दिसत होते, आणि तोपर्यंत ते महिनाभर भूक वाढवायचे थेंब शोधत फिरत होते. तळ मोकळा ठेवा, किंवा प्राणी १५ सेंटीमीटरच्या पुढे गेल्यावर एकदम बारीक वाळू घाला, आणि दगड ठेवायचाच असेल तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठा. मोकळ्या काचेवर पाय घसरतात असं वाटलं तर एखादी मोठी सपाट फरशी ठेवा. लपायला जागा मात्र पाहिजेच, एकापेक्षा जास्त, कारण त्याला पापण्या नसतात, लाइट डोळ्यांवर आला तर डोळे मिटायची सोय नाही बिचाऱ्याला. दुकानातून टँकबरोबर आलेला तो झगझगीत लाइट मी आता वापरत नाही.

तब्येत बिघडतेय हे कसं ओळखायचं तर आधी सांगितलेल्या खुणा, शेपटीचं टोक वळणं, कल्ले सतत पुढे झुकलेले, कल्ल्यांवरची झालर विरळ होत जाणं, उगाच वेगात इकडून तिकडे धडकत पोहणं, अंगावर लालसर चट्टे, आणि तरंगणं. ह्यातलं तरंगणं कधी कधी साधंही असतं, वर येऊन हवा गिळतो आणि मग थोडा वेळ वरच राहतो, पण खाली जायचा प्रयत्न करूनही जाता येत नसेल तर तो आजार समजा. कल्ल्यांचा रंग मात्र दिवसभरात कमीजास्त होतो, शांत बसला की फिके दिसतात, तेवढ्यावरून घाबरू नका.

कल्ल्यांवर किंवा जखमेवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती बुरशी. पाणी खराब झालं की हमखास येते. सुरुवातीची असेल तर बरेच अनुभवी लोक मिठाच्या पाण्याची अंघोळ देतात, आयोडीन नसलेलं साधं मीठ, टँकबाहेरच्या वेगळ्या डब्यात, एक लिटर पाण्याला दोन ते तीन चहाचे चमचे, पाणी टँकच्याच तापमानाचं, आणि १० मिनिटं, १५ च्या वर अजिबात नाही कारण मग कल्ल्यांनाच इजा होते. मीठ टँकमध्ये टाकायचं नाही. आणि माशांची औषधं ह्याला घालू नका, तांबं असलेली, मॅलाकाइट ग्रीन असलेली तर बिलकूल नाही. माशाला खवले असतात, ह्याची कातडी उघडी आणि शोषून घेणारी, माशाला जो डोस औषध तो ह्याला विष. फ्रिजमध्ये ठेवायचा एक उपाय इंटरनेटवर फार फिरतो, ५ ते ८ डिग्रीला काही दिवस. काही आजारांत त्याचा उपयोग होतो, पण डॉक्टरांना न विचारता, खात नाही म्हणून सरळ फ्रिजमध्ये, हे मला पटत नाही, इतक्या थंडीत पचन जवळपास थांबतं आणि खरं कारण टँकमध्ये तसंच राहतं.

उभयचरांची माहिती असलेले डॉक्टर शोधावे लागतात आणि ते आजार यायच्या आधी शोधा. जाताना तापमानाचे आकडे, टेस्टचे आकडे, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, शेवटची विष्ठा कधी, हे लिहून न्या. मी आता एक वहीच ठेवली आहे.

अजून एक गैरसमज फार नुकसान करतो. ह्याचा तुटलेला पाय परत येतो, शेपटी येते, हृदयाचा आणि मेंदूचा काही भागसुद्धा भरून निघतो हे खरं आहे, त्यामुळेच जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर अभ्यास चालतो, त्याचा ३२ अब्ज अक्षरांचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०१८ मध्ये वाचून झाला. पण लोक त्याचा अर्थ असा घेतात की ह्याला काही होत नाही. माशांबरोबर ठेवतात, मासे त्या पिसांसारख्या कल्ल्यांना अळी समजून टोचतात, सकर फिश (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) अंगाला चिकटून त्याचा चिकट थर खातो, आणि वर म्हणायचं येईल परत. पाय यायला त्याला खाणं लागतं, थंड स्वच्छ पाणी लागतं, ताकद लागते. अमोनियाने भाजत असलेल्या प्राण्याकडे ती कुठून येणार.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल एवढ्याशा प्राण्यासाठी एवढं. तर तो नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं जगतो, २०-२५ सेंटीमीटर होतो, आणि त्याच्या मूळ ठिकाणी त्याची काय अवस्था आहे ते बघा. सोचिमिल्कोमध्ये १९९८ साली दर चौरस किलोमीटरला साधारण ६,००० ॲक्सोलॉटल मोजले होते, २०१४ पर्यंत तो आकडा ३६ वर आला. पाणी घाण झालं, आणि बाहेरून आणून सोडलेल्या कार्प आणि तिलापिया माशांनी अंडी-पिल्लं खाल्ली. आज घरोघरी जे आहेत ते पिढ्यान्‌पिढ्या काचेत वाढलेल्यांचे वंशज, त्यातल्या पुष्कळांचं मूळ १८६४ मध्ये पॅरिसला पोचलेल्या ३४ ॲक्सोलॉटलपर्यंत जातं. आणि मेक्सिकोच्या ५० पेसोच्या नोटेवर २०२१ पासून त्याचं चित्र आहे. नोटेवर आला, गेममध्ये आला, आणि स्वतःच्या पाण्यातून संपत चाललाय, मला ह्याचं फार वाईट वाटतं.

चिंगीनंतर वर्षभर आम्ही काही आणलं नाही. मग मुलीनेच टँक सायकल करायला घेतला, साडेसहा आठवडे रोज टेस्ट करून आकडे लिहिले, आणि ज्या बाईंनी आम्हाला थर्मामीटर दाखवला त्यांच्याकडूनच बंड्या आला. गेल्या गरमीत बंड्यानेही खाणं सोडलं. माझा हात सवयीने पेलेटच्या डबीकडे गेला होता, मुलगी म्हणाली बाबा आधी पाणी. चिलरची जाळी धुळीने भरली होती, पाणी २३ वर गेलं होतं. जाळी साफ केली, पाणी दिवसाला एक-दीड डिग्री असं हळूहळू १७ वर आणलं, पाव भाग बदललं, आणि चार दिवस टँकमध्ये एक कणही टाकला नाही. मोठा आणि धडधाकट ॲक्सोलॉटल आठवडाभर न खाता सहज राहतो, हे माहीत असूनही ते चार दिवस मला जड गेले. पाचव्या दिवशी त्याने अर्धं गांडूळ खाल्लं.

तुम्हाला विनंती आहे की पुढच्या वेळी ह्या प्राण्याबद्दल छापाल तेव्हा सायकलिंगचे आठवडे आणि तापमानाचा आकडा फोटोखालीच छापा. आणि ज्यांनी आणलाय पण आता जमत नाहीये त्यांनी तो तळ्यात, विहिरीत, नदीत सोडू नका, एक तर तो गरम पाण्यात तडफडून मरेल नाही तर तिथल्या बेडकांना, माशांना नसलेला रोग देईल. जवळपास पाळणाऱ्या कुणाला तरी विचारा, आम्ही लोक शक्यतो नाही म्हणत नाही. बंड्याच्या शेजारच्या टँकमध्ये सध्या असाच एक आलेला आहे, एक कल्ला नसलेला, वीसेक दिवस झाले, अजून चिमट्याला घाबरतो पण रात्री ठेवलेलं गांडूळ अर्ध्या तासाच्या आत संपवतो.

आपला,
बंड्याचा पालक, एक नियमित वाचक